निबंधाचा उन्हाळा

एप्रिल लागला की बडोद्यातल्या आमच्या वासण्याच्या सोसायटीत कूलर बाहेर निघतात. तसे आता थोडेच उरलेत. बहुतेक भिंतींवर एसीचे पांढरे डबे लागलेत. पण काही घरांनी जुने लोखंडी कूलर अजून सोडलेले नाहीत. जाळीतलं वर्षाचं कुजकं गवत उपसायचं, नवं भरायचं आणि वरून पहिली बादली ओतायची. त्या ओल्या गवताचा वास जिन्याने वर येतो. थोडा लाकडाचा, थोडा मातीचा, थोडा गंजाचा. परवा कोर्टातून येऊन मी दारात चपला काढत होते आणि तो वास आला. तेवढ्यात समोरच्या घरातली हेत्वी बाहेर आली. बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली, हातात कुठल्याशा कॉलेजची माहितीपुस्तिका.

"आंटी, एंट्रन्समां एसे पण छे," ती म्हणाली. "कई चोपडी लऊं?"

निबंधासाठी पुस्तक कुठलं घेऊ, एवढाच साधा प्रश्न. मी वकील आहे, दिवसभर लोकांना उत्तरंच देत असते. पण तिला मी "आत ये, बस ने" एवढंच म्हणू शकले. त्या वासाने मला आधीच उचलून दुसऱ्या एका घरात नेऊन बसवलं होतं.

ते घर याच वासण्यात होतं. आमच्या जुन्या टेनामेंटच्या, एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळीतलं अगदी शेवटचं. पुढे छोटा ओटा, ओट्यावर हिंचका, लाकडी झोपाळा, आणि हिंचक्यावर सबनीस सर.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. गल्लीवरून केबलच्या काळ्या वायरी या गच्चीतून त्या गच्चीत गेल्या होत्या. चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, आणि ज्यांच्याकडे आयुष्यभर सायकल होती त्यांच्या दारात स्कूटर आली होती. आम्ही शिर्के. पणजोबा संस्थानच्या फौजेत, आजोबा त्याच फौजेच्या शेवटच्या वर्षांत, आणि बाबा छाणीच्या पुढे एका कारखान्यात शिफ्टवर. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, शाळाही गुजराती. इंग्रजी होतं ते फक्त पुस्तकात, बोर्डासाठी पाठ करण्यापुरतं. आणि असं असताना मला दक्षिणेतल्या एका शहरात जाऊन पाच वर्षं कायदा शिकायचा होता. हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते आता आठवत नाही, बहुधा वर्तमानपत्रातल्या एखाद्या चौकटीतून. त्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध होता आणि त्याचं वजन मोठं होतं. बाबा "हो" म्हणाले नव्हते, "नाही"ही म्हणाले नव्हते. "परीक्षा आप तू. पुढचं पुढे जोऊ," परीक्षा तर दे, मग बघू, असं म्हणून त्यांनी विषय टाळला होता. रागावले किंवा घाबरले की त्यांच्या मराठीत गुजराती जास्त यायची. त्या दिवशी जरा जास्तच आली होती.

सबनीस सरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. बडोद्यातल्या कितीतरी डॉक्टरांना, कारकुनांना, बँकेतल्या साहेबांना पहिलं इंग्रजी वाक्य त्यांनी लिहायला लावलं. आईने दिवाळीतच त्यांना माझ्या शिकवणीचं विचारून ठेवलं होतं आणि ते म्हणाले होते, "बोर्ड संपलं की पाठवा तिला. मात्र गाइड घरी ठेवून यायचं." मग उत्तरायण, इकडची संक्रांत, झालं. तारांवर पतंगांच्या फाटक्या शेपट्या अजून लटकत होत्या, त्याच आठवड्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. महिनाभर ते दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा उजवा हात गेलेला, पाय ओढत चालता यायचं, आणि शब्द सगळे नाहीसे झालेले.

सगळे नाही. एक राहिला होता. "म्हणजे."

का तोच राहिला, कोणालाच सांगता येईना. डॉक्टर सरांच्या बायकोला, काकूंना, म्हणाले होते, त्यांना सगळं समजतं, फक्त बोलायला गेलं की शब्द सापडत नाही; कदाचित सापडतील, कदाचित नाही, तुम्ही मात्र त्यांच्याशी बोलणं सोडू नका. मग काकू बोलत राहिल्या आणि सर एका शब्दात उत्तरं देत राहिले. पाणी हवं असलं तरी म्हणजे, पंखा कमी करायचा असला तरी म्हणजे. काकूंना सुरावरून कळायचं.

माझं बोर्ड संपलं तेव्हा आई आणि मी त्यांना बघायला गेलो. आईने डबा दिला, तब्येतीचं विचारलं, आणि शिकवणीचं नाव कोणी काढणार नाही हे आम्ही घरून ठरवूनच गेलो होतो. निघताना काकूच म्हणाल्या, "मंजू, उद्यापासून ये. चारला ये, ऊन जरा उतरतं. ते शिकवतील तुला."

आई गोंधळली. "अहो काकू, त्यांना त्रास कशाला?"

"त्यांनी शब्द दिलाय ने?" काकू म्हणाल्या. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं, आणि त्या घाईघाईने चहाच्या कपबशा उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले. गाइड घेऊनच गेले. दुसरं काय न्यायचं होतं? सर हिंचक्यावर बसले होते. उजव्या बाजूला तक्क्या लावलेला, उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोणी दुसऱ्याचा आणून ठेवावा तसा. खिडकीतल्या कूलरचा ओला वारा ओट्यापर्यंत यायचा. काकू उंबऱ्याशी गवार निवडत बसल्या होत्या. मी टेलिव्हिजनवरचा निबंध काढला, शाप की वरदान, आणि वाचायला लागले. "इन धिस मॉडर्न एज ऑफ सायन्स..."

"म्हणजे?" सर म्हणाले.

मी थांबले. काकूंकडे पाहिलं.

"वाच तू," काकू म्हणाल्या. "तो शब्द त्यांना चहालाही लागतो."

मी पुढे गेले. टेलिव्हिजनने जग जवळ आणलं आहे, अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य होतं. ते संपलं आणि सर पुन्हा म्हणाले, "म्हणजे?" या वेळी भुवया वर गेल्या होत्या. वर्गात फळ्याकडून वळून मागच्या बाकाकडे पाहताना जातात तशा.

"म्हणजे, सर... जग जवळ आलंय."

"म्हणजे?"

गाइडमध्ये याच्यापुढे काहीच नव्हतं. मग तोंडातून मराठीतच निघालं, "म्हणजे आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बा आहेत ने, त्या दुपारी केबलवर कुठल्यातरी परदेशातल्या बाईचं लग्न मोडताना बघतात आणि रडतात. त्यांना इंग्रजी एक अक्षर येत नाही. पण परवा त्या बाईच्या नवऱ्याला शिव्या देत होत्या, आपल्या सुरती शिव्या."

सर हसले. खूप वेळ हसले. आजाराने त्यांचं बरंच काही नेलं होतं, पण हसणं होतं तसंच होतं, मोठं, खर्जातलं, हिंचक्याच्या कड्या हलवणारं. काकूंच्या हातातली गवार तशीच राहिली. त्या हसण्याकडे त्या अशा पाहत होत्या की मी मान खाली घातली.

आजही मला ठाऊक नाही, सर खरोखर विचारत होते की आजाराने ठेवलेला तो एकच शब्द आपोआप बाहेर येत होता. त्या वयात मी फार विचारही केला नाही. ते विचारताहेत असं मी धरून चालले आणि प्रत्येक वेळी उत्तर देत गेले. पुढे हाताखालच्या ज्युनिअर मुलांचे मसुदे वाचताना "अशिलाला अतोनात त्रास झाला" असं वाक्य दिसलं की माझी पेन्सिल तिथेच थांबते. कसला त्रास? नळ तोडला, जिन्यात सायकली लावल्या, की म्हाताऱ्या आईला गच्चीवर वाळवण घालू दिलं नाही? ते लिहा की. मुलांना वाटतं, मॅडम फार खोदून विचारतात.

तो उन्हाळा मग असाच चारच्या ठोक्याभोवती बांधला गेला. सकाळी मी घरी लिहायची, दुपारी सरांपुढे वाचायची. गुलमोहर पेटले होते, रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, आणि ताडफळीवाला तेवढा कडुनिंबाच्या सावलीत ताडगोळ्यांची हातगाडी लावून डुलक्या घ्यायचा. काकूंनी राजापुरी कैऱ्यांचा छुंदा उन्हात ठेवला होता. साखर घातलेला कैरीचा कीस बरणीत भरून, वर मलमलचं फडकं बांधून गच्चीवर. ती बरणी सकाळी वर आणि संध्याकाळी खाली करायचं काम माझ्याकडे आलं. साखर विरघळत गेली, पाक रोज थोडा दाट होत गेला, रंग फिकट पिवळ्याचा मधासारखा झाला. माझ्या निबंधांचंही तसंच काहीसं चाललं असावं, पण ते मला दिसत नव्हतं. मला दिसायचं ते एवढंच, की आता दोन वाक्यं सरांच्या तावडीतून सुटून जातात, मग तीन. आणि एखाद्या दिवशी एक अख्खा परिच्छेद संपला तरी ते काही म्हणायचे नाहीत. नुसता डावा पाय जमिनीला लावून हिंचका हळूच पुढे ढकलायचे. पुढे वाच.

माझं झालं की काकूंची शिकवणी असायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोजच्या वस्तू दाखवा, नावं म्हणून घ्या. काकू भाजीची टोपली घेऊन समोर बसायच्या.

"हे बघा. वांगं. म्हणा, वांगं."

सर नीट बघायचे. ओठ जुळवायचे. कपाळावर शीर उठायची. आणि निघायचं ते, "म्हणजे."

"वांगं. वां... गं."

"म्हणजे?"

"म्हणजे वांगं!" एक दिवस काकूंचा आवाज चढला. "वांगं म्हणजे वांगं! आता आणखी काय सांगू? भरली करते, भरीत करते, जन्मभर खाताय तुम्ही, वांगं!" वांगं टोपलीत टाकून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला उठून जावंसं वाटलं, पण उठता येईना. सरांनी डावा हात पुढे केला. टोपलीतलं ते वांगं उचललं, नाकाजवळ नेलं, त्याचा देठ आपल्या डोक्यावर टोपीसारखा धरला आणि काकूंकडे गंभीर चेहरा करून पाहिलं.

काकू रडत होत्या त्या हसायला लागल्या. "मेली शाळेतल्या पोरांना हसवायची सवय गेली नाही," त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्याच वांग्यांचं शाक मी वाटीभर घरी नेलं.

रविवारी जवळच्या करजण गावाहून मीनाताई यायची. सरांची एकुलती मुलगी. नवऱ्याचं शेतीच्या पंपांचं आणि पाइपांचं दुकान, दुकानामागेच घर. घरचं आवरून, एसटीत उभं राहून ती यायची, आल्याबरोबर सरांची नखं कापायची, औषधं बघायची, काकूंच्या पायांना तेल चोळायची. त्या रविवारी ती जरा उशिरापर्यंत थांबली होती आणि मी नेहमीप्रमाणे चारला जाऊन बसले. मी वाचत होते, सर मधेमधे त्यांचा शब्द टाकत होते. मीनाताई दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा बदलत गेला.

"हे रोज चालतं?" तिने काकूंना विचारलं. "हा तमाशा?"

"तमाशा काय त्यात?" काकू म्हणाल्या.

"बाबांना बोलता येत नाही, आई. आणि तू त्यांना मास्तर करून बसवतेस. ही पोरगी येते, ते ताण देऊन देऊन एकच शब्द बोलतात, आणि तुम्ही दोघी धरून चालता की ते शिकवताहेत. लोक काय म्हणत असतील?" मग माझ्याकडे वळून, पण रागाने नव्हे, थकून म्हणाली, "मंजू, तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण बाबांना विश्रांती हवी. मी दोघांना करजणला घेऊन जाणार आहे."

सर हिंचक्यावर अगदी स्थिर बसले होते. त्यांना सगळं समजत होतं, हे त्या क्षणी तिथल्या प्रत्येकाला आठवलं असावं, कारण मीनाताईने जीभ चावली.

काकू उठल्या आणि सरांच्या बाजूला, हिंचक्यावर, जाऊन बसल्या. "बस ने, मीना," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. आम्ही येऊ तुझ्याकडे. मला एकटीला आता उचलणं-बसवणं होत नाही, ते मला कळतं. पण सकाळी उठल्यापासून हे आजारी असतात. अंघोळीला आजारी, जेवताना आजारी. ही चारला येते तेव्हापासून जाईपर्यंत हे आजारी नसतात. सर असतात. तेवढं तू आत्ता घेऊन जाऊ नकोस. हिची परीक्षा होऊ दे. मग ने."

मीनाताई आत गेली. माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आली. "वाच पुढे," ती म्हणाली. आणि बसून ऐकत राहिली.

मे महिन्यात मी एक निबंध लिहिला. सगळ्या गाइडांमध्ये असायचाच तो: खुलं अर्थकारण आणि सामान्य माणूस. या विषयावर मी बरीच तयारी केली होती. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं, नव्या धोरणांनी सामान्य माणसाच्या आयुष्यात आमूलाग्र बदल घडवला आहे. इंग्रजीत ते आणखी भारदस्त वाटायचं.

"म्हणजे?" सर म्हणाले.

मी शेजारच्या बांची केबल सांगून पाहिली, ती या वेळी चालली नाही. सर बघत राहिले. शेवटी काकूच म्हणाल्या, "अगं, माहीत नसेल तर जाऊन विचारून ये ने कोणाला."

विचारायला माणूस होता. जशुकाका बाबांच्याच कारखान्यात, बाबांच्याच शिफ्टमध्ये. नवी यंत्रं आली, माणसं जास्त झाली, आणि ज्यांनी आपण होऊन लवकर निवृत्ती घेतली त्यांत जशुकाका होते. छाणीत घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी एसटीडी बूथ काढलं होतं. बाबांनी मला स्कूटरवर तिथे नेलं. काचेची एक चिंचोळी केबिन, आत फोन, बाहेर बाकडं, बाकड्यावर आपली पाळी येईपर्यंत थांबलेली माणसं.

"आव बेटा, पूछ," जशुकाका म्हणाले. मी विचारलं, काय बदललं? त्यांनी थोडा विचार केला. मग गुजरातीत सांगत गेले की कारखान्याचा भोंगा इथपर्यंत ऐकू येतो. पहिल्या महिन्यात तो वाजला की ते आपोआप उठायचे, चपला घालायचे, आणि बायको हसायची. आता उठत नाहीत, पण हातातलं काम थांबतं. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात कोणाचं बोलणं ऐकू यायचं नाही. इथे दिवसभर दुसऱ्यांचं बोलणंच ऐकतो. काच असली तरी ऐकू येतं. सगळे ओरडून बोलतात, जणू लांबच्या माणसाला लांब ऐकू जावं म्हणून.

तेवढ्यात एक बाई केबिनमध्ये शिरल्या. त्यांचा मुलगा कुठेतरी मद्रासकडे नोकरीला होता. "जम्यो?" त्यांनी ओरडून विचारलं. जेवलास का? काय जेवलास? पुन्हा, भात? नुसता भात? आणि मग हसायला लागल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचं तोंड इतकं उजळलेलं होतं की बाकड्यावरचे सगळेच थोडे हसले. बाबा हसले नाहीत. ते केबिनमधल्या त्या काळ्या फोनकडे बघत उभे होते.

परतताना हवा अजून तापलेली होती. स्कूटरवर मागे बसून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. रेल्वेच्या एका फाटकापाशी थांबायला लागलं तेव्हा बाबांनी मागे न वळता विचारलं, "तिकडे एसटीडी असेल ने? कॉलेजच्या जवळ?"

"असेल की, बाबा."

"रविवारी रेट कमी असतो," ते म्हणाले. "रविवारी कर."

फाटक उघडलं. स्कूटर सुरू झाली. मी त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं, लहानपणी टेकवायची तसं. ते नेहमीपेक्षा हळू चालवत राहिले.

परीक्षा अमदावादला होती. पहाटेच्या गाडीने बाबांबरोबर गेले. निबंधाला तीन विषय दिले होते आणि त्यात तो होता, खुलं अर्थकारण आणि सामान्य माणूस. माझ्या बाजूची मुलगी विषय वाचून सुटकेचा श्वास सोडून लिहायला लागली. मलाही ते भारदस्त वाक्य आठवलं, आणि हाताने ते लिहायला सुरुवातही केली. अर्ध्यावर मी ते खोडलं. मग भोंगा वाजल्यावर चपला घालणाऱ्या माणसापासून सुरुवात केली. माझ्या इंग्रजीत मोठे शब्द नव्हते, त्यामुळे छोटेच वापरले. भोंगा, चपला, काच, भात. जशुकाकांचं बरं झालं की वाईट, हे मला ठरवता आलं नाही, आणि तेही मी तसंच लिहिलं. बाहेर आले तेव्हा बाबा झाडाखाली वर्तमानपत्राची टोपी करून उभे होते. "कसं गेलं?" त्यांनी विचारलं. "माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं. त्या निबंधाला किती गुण मिळाले ते मला कधीच कळलं नाही. तो कोणी वाचला, वाचून काय वाटलं, काहीच नाही.

दोन दिवसांनी सर-काकू करजणला गेले. जाताना काकूंनी छुंद्याची अर्धी बरणी आम्हाला दिली. रिक्षात बसवताना मी सरांचा उजवा पाय उचलून आत ठेवला. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली, आणि रिक्षा निघाली. घराला कुलूप लागलं. मी काही दिवस चार वाजले की उगाच ओट्यावर येऊन उभी राहायची.

निकाल जुलैत आला. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं, दुसऱ्या यादीत होतं, अगदी शेवटी शेवटी. आईने देवापुढे दिवा लावला आणि बाबा म्हणाले, "चल, आधी करजण." पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. दोन्ही बाजूंच्या काळ्या जमिनीत कपाशीची रोपं बोटभर वर आली होती.

दुकान बाजारातच होतं. दाराशी रबरी पाइपांची वेटोळी, आत पंप. गल्ल्यावर मीनाताई बसली होती, कारण जावई माल आणायला गेले होते. चार-पाच शेतकरी समोर उभे राहून काही भाव करत होते. आणि बाजूच्या खुर्चीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत, सर. जरा भरले होते. पांढरा शर्ट, नीट भांग पाडलेला.

मी वाकून नमस्कार केला. "सर, माझं झालं. नाव आलं यादीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले, ओठ हलायला लागले, कपाळावर ती ओळखीची शीर उठली. मी वाट पाहिली. मला वाटलं, त्यांच्या जुन्या शब्दाने ते मला विचारतील आणि मी सगळं सांगेन. पण त्यांनी मान वळवली, दुकानाच्या मागच्या दाराकडे, घराकडे, आणि छातीतून ओढून काढल्यासारखी मोठ्याने हाक मारली.

"सुमन!"

शेतकऱ्यांना वाटलं, म्हातारबाबांना काही होतंय. मी मीनाताईकडे पाहिलं, तर ती गल्ल्यावरून अर्धवट उठलेली, हातातली पावती तशीच. "आईचं नाव," ती पुटपुटली. "आईचं नाव घेतलं त्यांनी."

मला तोपर्यंत काकूंचं नावच माहीत नव्हतं. ते कधी ऐकलंच नव्हतं. सर त्यांना "अगं" म्हणायचे, त्या पिढीतले सगळेच म्हणायचे तसं. मीनाताईनेही ते वडिलांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली.

"सुमन!" सरांनी पुन्हा हाक मारली. या वेळी शब्द सोपा गेला.

काकू धावत आल्या. हात पिठाचे, केस सुटलेले, चेहऱ्यावर धास्ती. सर बरे आहेत, खुर्चीतच आहेत, हे दिसल्यावर त्या उंबऱ्यावर थबकल्या. सर त्यांच्याकडे बघत माझ्याकडे बोट दाखवत होते. हिचं झालं बघ, असं सांगायचं होतं त्यांना. पण काकूंना मी दिसतच नव्हते. दुकानातली माणसं दिसत नव्हती. त्यांनी पिठाच्या हातानेच पदर डोक्यावर ओढला, सासरी नव्या आल्यासारखा, आणि खुर्चीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या,

"काय म्हणालात?"

मी पेढ्यांचा पुडा पाठीमागे धरला. माझी बातमी थांबू शकत होती.

"परत एकदा म्हणा," काकू म्हणाल्या.